आत्याच्या भिंती

आत्याच्या गोदामात कापसाच्या गाद्या भिंतींना टेकवून उभ्या असत. भाचीच्या रॉक बँडने अल्बमचं रेकॉर्डिंग तिथेच करायचं ठरवलं, कारण त्या गाद्या आवाज पिऊन टाकत. आत्या म्हणाली, खुशाल वाजवा, फक्त चपला बाहेर. ड्रमवाल्याच्या मोज्याला भोक दिसलं, तेव्हा तिने ते तिथल्या तिथे शिवून दिलं. त्या दिवसापासून सगळा बँडच तिला आत्या म्हणू लागला.

एकेक करून गाणी झाली. उरलं फक्त शेवटचं, भाचीने वडील गेल्यावर लिहिलेलं. ते तिने आत्याला अजून ऐकवलं नव्हतं; तिचे वडील म्हणजे आत्याचा पाठचा भाऊ. ड्रमवाला नोकरीसाठी परगावी निघाला होता, म्हणून ते आजच व्हायला हवं होतं.

पण दिलेल्या शब्दाप्रमाणे माल पोचता करायचा, हा आत्याचा बाणा. सकाळी वसतिगृहाच्या ऑर्डरसाठी टेम्पो आला आणि तिने एकूण एक गादी चढवून दिली. दुपारी भाचीने पहिली ओळ म्हटली, तर उघड्या भिंतींनी ती तशीच परत फेकली. विहिरीत गायल्यासारखी. भाची नुसती नखं कुरतडत बसली. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती पदर खोचून उठली. घरातल्या, शेजारणीकडच्या झाडून सगळ्या रजया तिने गोळा केल्या. गाद्या शिवणारे दोघं कारागीर, शेजारीण, पावतीवर सही घ्यायला परतलेला टेम्पोवाला, सगळ्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि हात वर करून रजया धरायला लावल्या; एक तिने स्वतः धरली.

"कोणी शिंकलं तर माझ्याशी गाठ आहे."

हमाली वेगळी लागेल, असं टेम्पोवाला रजईमागून पुटपुटला.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात जेवताना सतत पाय हलवणारा एक माणूस आला आणि आत्याने भावाला ओळखलं. रजईआड तिचा चेहरा कोणाला दिसत नव्हता. रजई मात्र खाली आली नाही.

अल्बम निघाला त्या दिवशी तो ऐकायला सगळे गोदामातच जमले. कव्हरच्या आत, वादकांच्या नावांखाली, छापलं होतं: 'भिंती – आत्या आणि मंडळी'. टेम्पोवाल्याने ते दोनदा वाचलं. शेवटचं गाणं संपलं, तेव्हा भाचीने हळूच विचारलं, "कसं झालंय, आत्या?"

आत्या खांदा चोळत होती.

"दुसऱ्या कडव्यापासून हाताला नुसत्या मुंग्या आल्या होत्या गं," ती म्हणाली. "पुन्हा लाव. आता बसून ऐकते."