मागच्या खिडक्यांचा वाळा

तेव्हा कामरगावहून कारंज्याला एक जुनी खाजगी मोटार जाई. तिचे मिस्त्री मला रोज भेटत. काही विचारलं, तर आधी हातातला स्क्रू पुरता पिळत आणि मगच उत्तर देत.

एका उन्हाळ्यात मालकाने पुढच्या, जादा भाड्याच्या बाकांसाठी वाळ्याचे पडदे आणले. मिस्त्रींनी ते मागे, लेकुरवाळ्या बाया बसत त्या खिडक्यांना ठोकले.

"मागं काहून लावले? काढा ते!" मालक ओरडला.

मिस्त्रींनी हातातला खिळा आधी ठोकून घेतला.

"लेकरं भाजून राह्यले तिथं. मी नाई काढत. तुमीच काढा, त्या बायायच्या समोर."

मालक आत चढला, बायांकडे पाहून पडद्यांना हात न लावताच उतरला.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींना कामावरून काढलं. पडदे मात्र उन्हाळाभर मागेच राहिले. ते काढायला गावातला एकही मिस्त्री आला नाही.