खिळ्यावरची कढई

माझ्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे खिळ्याला एक लोखंडी कढई उलटी टांगलेली आहे. अडीच वर्षं झाली, ती गॅसवर चढलेली नाही. तिच्याच खाली, ओट्यावर, एअर फ्रायर आहे. तो रोज चालतो. या दोघांच्या मधे माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं वैर आहे, आणि खोटं कशाला बोलू, ते वैर मला अजूनही गोड लागतं.

आम्ही कारध्याला राहतो. नवरा वरठीच्या कारखान्यात आहे, मी शाळेत शिकवते. तीनेक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या रक्तात चरबी निघाली आणि डॉक्टरांनी तेलावर बोट ठेवलं. माझ्या भावाने लगेच मशीन आणून दिलं. त्याच आठवड्यात जाऊबाई एकोडीहून आल्या. मशीनचं झाकण ओढून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हवेवर तळते म्हणे! अवं, हवा खाऊन पोट भरलं असतं तं आमी धान काहून लावलं असतं?" सगळं घर हसलं. नवरा तर डोळे पुसेपर्यंत हसला. मीही हसले आणि ते वाक्य पोटात ठेवून दिलं.

मग जिद्दीने शिकले. भरताचं वांगं, बटाट्याच्या फोडी, पापड, हळद-मीठ लावलेली तळ्यातली मासोळी. मासोळी मधेच एकदा उलटावी लागते आणि जाळी त्याच घडीला धुवावी लागते, नाही तर दुसऱ्या दिवशीच्या पापडाला तिचा वास येतो. सासूबाईंना सगळंच कोरडं लागायचं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मात्र त्या फोडी आवडायच्या. शेवटचे सहा महिने ते आमच्याकडे खाटेवर होते. मी एकेक फोड फुंकून त्यांच्या तोंडात द्यायची.

त्या सहा महिन्यांत जाऊबाई एकदाही आल्या नाहीत.

मामाजी पोळा झाल्यावर गेले. तेरवीला जाऊबाईंनी अंगणात बसून असा गळा काढला की शेजारच्या बाया त्यांनाच पाणी पाजायला धावल्या. "मामाजी, मले काहून सोडून गेले व्हो!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं पातेलं खाली आपटलं आणि चाळीस बायांच्या देखत म्हटलं, "सहा महिने खाटेवर होते तेव्हा कुठं होता जाऊबाई? आता कायले रडून राहिल्या?" रडणं तिथंच थांबलं. त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकले. पण त्यांच्या हातात काय आहे हे मी विसरलेच होते.

आमच्या घरात रीत आहे. माणूस गेलं की त्या घरात कढई चढत नाही. तळण बंद, पुरी नाही, भजं नाही. पुढच्या सणाला घरातली मोठी सून येते, तेल आणि डाळ स्वतः आणते, वड्यांचा पहिला घाणा काढते, आणि मग ते घर दुखातून सुटतं. दुसऱ्या कोणाच्या हाताने चालत नाही. घरातली मोठी सून म्हणजे जाऊबाई.

दिवाळीला त्यांचे पाय दुखत होते. बरं. पण भाऊबीजेनंतर मंडईत माझ्या नणंदेने त्यांना पाहिलं, उभ्या-उभ्या मिरचीभजी खाताना. पाय तेव्हा बरे होते. संक्रांतीला पाहुणे आले. होळीला उन्हाळी धानाला पाणी द्यायचं होतं. प्रत्येक वेळी सासूबाई सकाळपासून दाराशी बसायच्या. त्यांना वड्याची हौस नव्हती. त्यांना वाटायचं, कढई चढली नाही तोवर आपला माणूस घरातच अडकून आहे. एकदा मला म्हणाल्या, "तू तिले बोलली नसती तं आली असती." मी म्हटलं, "खोटं बोलली का आई?" त्या म्हणाल्या, "खरं बोलून कढई चढली का?"

मग अक्षय तृतीया आली. मामाजी गेल्यानंतरची पहिली. त्यांच्या नावाने घागर भरायची, पान वाढायचं, आणि त्या पानावर उडदाचा वडा हवाच. सासूबाईंनी आपल्या हाताने फोन लावला. जाऊबाई म्हणाल्या, "येतो ना आई, येतो." सासूबाईंनी पहाटेच आंघोळ केली. आठ वाजले, दहा वाजले, साडेदहा झाले. बारा वाजायच्या आत पान पडायला हवं. म्हातारी दारातून उठून आली आणि भरलेल्या घागरीजवळ बसून रडायला लागली. "वड्याबिगर त्यायचं पान कसं ठेवू वं माय?"

त्या रडण्याने मला दया यायला हवी होती. आलीही. पण तिच्याआधी दुसरंच काही आलं. मला ते जुनं हवेचं वाक्य आठवलं आणि अंगात वारं शिरल्यासारखं झालं.

"आई," मी म्हटलं, "रीत कढईची आहे ना? का वड्याची?"

"कढईची."

"मग वडे मशीनमधे करते. कढई खिळ्यावरच राहील."

त्यांनी डोळे पुसले, उठून मशीनजवळ आल्या आणि चारही बाजूंनी त्याला पाहिलं. "हे चुलीवर चढते का?"

"नाही. बटनावर चालते."

"तेल उकळते का यात?"

"नाही."

"मंग चालते," त्या म्हणाल्या.

जाऊबाईंचा पहिला घाणा निघाला की आपलेही वडे काढू, या आशेने डाळ मी रात्रीच भिजत घातली होती. मिक्सरमधून काढली, आलं-मिरची घातली, आणि घाईघाईत वडा थापून सरळ जाळीत सोडला. अक्कल कुठं गेली होती कोण जाणे! पीठ जाळीच्या भोकांतून खाली गळलं, मशीन धूर ओकायला लागलं. पळसाचं पान खाली घालून पाहिलं, तर आतल्या वाऱ्याने पानच उडून वरच्या तारेला चिकटलं. घड्याळात सव्वाअकरा. शेवटी लहान स्टीलच्या ताटलीला तेलाचं बोट फिरवलं, पीठ जाड थापलं, आधी एका बाजूने धरू दिलं, मग उलटवलं. वडे निघाले. वरून लाल, कडेला पांढरे, आणि टणक. असे टणक की एक ताटात ठेवला तर टक्कन वाजला.

पावणेबाराला पान पडलं. विस्तवावर घास टाकला, घागरीला हात जोडले. बाहेर ठेवलेल्या पानावर कावळा आला, वडा उचलला, आपटला, पुन्हा उचलला आणि घेऊन गेला. सासूबाई म्हणाल्या, "नेला बाप्पा." मीही सुस्कारा सोडला.

साडेबाराला खिडकीतून पाहिलं तर रस्त्याने जाऊबाई येत होत्या. एकट्या, उन्हात, घामाघूम. डोक्यावर गोणपाटाच्या बोरीत गुंडाळलेली गावाकडची मोठी कढई, एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात वाटलेल्या डाळीचा स्टीलचा डबा. बस साकोलीलाच दीड तास उभी होती, हे नंतर कळलं. पण त्या आल्या होत्या. पायरी चढेपर्यंत माझ्याकडे पुष्कळ वेळ होता. उरलेले वडे झाकता आले असते. सासूबाई काही बोलल्या नसत्या. त्या दिवशी दुसऱ्यांदा पान वाढलं असतं तर मामाजी काय रागावले असते?

मी वड्यांचं ताट उचललं आणि नेऊन बरोबर बैठकीच्या मधोमध ठेवलं.

"या जाऊबाई. उशीर केला. पान पडलं."

त्यांनी बोरी खाली ठेवली. ताटाकडे पाहिलं. "कढई कोनं चढवली?"

मी दारामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. कढईला कोळ्याचं जाळं लागलं होतं. "कोणी नाही. हवेवर केले. हवा खाऊन पोट भरत नाही म्हणत होता ना? खाऊन पाहा." आणि एक वडा त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी उभ्यानेच खाल्ला. सगळा. कुडुम-कुडुम आवाज स्वयंपाकघरापर्यंत जात होता. तोंडावर एक रेघ हलली नाही. मग हात धुतला, सासूबाईंच्या पाया पडल्या आणि बोरी उचलायला वाकल्या.

सासूबाई धडपडत उठल्या. "अवं, आलीच आहेस तं चढव ना कढई. माह्यासाठी चढव."

"कायले आई? तुमच्या घरी सण झाला ना," जाऊबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून, "माह्याबिगर झाला."

आल्या तशा उन्हात गेल्या. माझी छाती अशी भरून आली होती की विचारू नका. इतक्या दिवसांचं उट्टं एका वड्यात निघालं होतं! घाईत त्यांचा डाळीचा डबा मात्र बैठकीतच राहिला. उघडला. पाट्यावर वाटलेली डाळ होती, हाताने फेटून फेटून पांढरीशुभ्र केलेली. माणसाने पहाटे तीनला उठल्याशिवाय अशी होत नाही. संध्याकाळपर्यंत ती फुगून झाकणाबाहेर आली. मी ती गाईला घातली.

सासूबाई तेव्हा एक वडा कढीत बुडवून बसल्या होत्या. तासभर भिजला तरी दाताने तुटेना. म्हणाल्या, "त्यायचं झालं. माह्यं राहिलं."

तेव्हापासून जाऊबाई आमच्या पायरीला आल्या नाहीत. दोन दिवाळ्या गेल्या. रीतीने आमचं घर अजून दुखातच आहे, आणि सण आला की मी मशीनचं बटन दाबते. आता मला त्यात सगळं येतं, करंजीसुद्धा. नवऱ्याची चरबी उतरली. शेजारणी शिकायला येतात. बदला म्हणाल तर पूर्ण झाला.

यंदा सासूबाईंनी खाट धरली आहे, मामाजींचीच खाट. परवा मी बटाट्याची फोड फुंकून त्यांच्या तोंडाशी नेली, तर त्यांनी तोंड वळवलं आणि माझं मनगट धरलं.

"मी मेली का माह्या पानावर मशीनचा वडा ठेवजो नको बाई," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाले दात नसते. मोठीले बोलाव."

रोज फोन हातात घेते. जावेचा नंबर काढते. मग मला तेरवीतलं ते रडणं आठवतं, आणि मी फोन ठेवून मशीन लावते. अक्षय तृतीया पंधरा दिवसांवर आली आहे, आणि म्हातारीने कालपासून काही खाल्लेलं नाही.