लोजबान आणि बाईंचा जबाब

गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी मोबाइलवर लोजबान शिकायला घेतली. तर्कशास्त्राच्या पायावर माणसांनी मुद्दाम बांधलेली भाषा. नवरा म्हणाला, "बोलशील कोनाशी? अस्वलाशी?" म्हटलं, तुमच्यापेक्षा अस्वल बरं, वाक्य संपेस्तोवर ऐकून तरी घेईल!

त्या भाषेत प्रत्येक क्रियेला ठरलेल्या जागा असतात. 'क्लामा' म्हणजे जाणं: कोण, कुठं, कुठून, कोणत्या वाटेनं, कशानं. जागा रिकामी सोडता येते, पण ती आहे हे विसरता येत नाही. आणि 'हे खरं का?' असं कोणी विचारलं की 'गोही' म्हणायचं, म्हणजे समोरच्याचं अख्खं विधान खरं म्हणून आपल्या अंगावर घ्यायचं. मला हे भारी आवडलं.

आमच्या गावात 'हो जी' म्हणतात. साहेब बोलला की हो जी. त्यात कबुली नसते, मान असतो. शेजारच्या बाईंच्या वनहक्क दाव्याच्या चौकशीत साहेबानं विचारलं, "जंगल तोडून ही जमीन अलीकडंच काढली ना?" बाई म्हणाल्या, "हो जी." कागदावर चढलं: अर्जदारास मान्य. जुनी वहिवाट असेल तरच हक्क मिळतो, म्हणून दावा नामंजूर. त्या धानाच्या बांधीवरच, म्हणजे भाताच्या त्या खाचरावरच, त्यांचं घर चालतं.

"त्याईनं इचारलं, म्यां आयकलं, एवढंच सांगतलं ना मॅडम," बाई रडत म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. साहेबावर, बाईंवर, आणि जन्मभर वर्गात "समजलं?" "हो मॅडम" एवढ्यावर पुढचा धडा घेणाऱ्या माझ्यावरही.

अपील केलं. तारखेपर्यंत रोज दुपारी बाईंना ओसरीवर बसवलं. "हो जी बंद. कोणी काढली, कुठं, कधीपासून, कशावरून, सगळ्या जागा भरा."

"साहेबाले उलट बोलनं होते ना ते! लाज वाटते मले."

"लाज घरी आल्यावर वाटू द्या."

चार दिवस ओसरीकडं फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच येऊन बसल्या.

एसटीनं गडचिरोलीला गेलो. तिथल्या साहेबानं जुना कागद वाचला. "हे तुमचंच म्हणणं ना?" बाईंचे ओठ हलले. मला मध्ये बोलायची परवानगी नव्हती.

"नाई जी," बाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यानं काढली थे बांधी, नाल्याच्या वरच्या अंगाले. मी लगन होऊन आली तवा तिथी धान उभा होता. म्यां सोता कापला. बांधावरचा आंबा सासूनं लावला, अजून फळून राह्यला. जाऊन पाहा."

साहेबानं लिहिलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. बाईंनी हात मागं घेतला. "आंदी वाचून दाखवा जी."

त्यानं वाचलं.

"नाल्याचं राह्यलं."

पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. "आता खरं हाय," म्हणाल्या आणि मग अंगठा उठवला. मला तिथंच रडू फुटलं.

निकाल अजून यायचा आहे. परवा गेले तर बाई त्याच बांधीत धानाची रोपं लावत, रोवणा करत होत्या. विचारलं, "उलटा लागला तर?"

"तर पुन्हा सांगीन," वाकल्या वाकल्या त्या म्हणाल्या. "जितक्या बार इचारन, तितक्या बार सांगीन."