भर श्रावणात मारलेला क्लिअर

सरांच्या गौरव-पुस्तकाच्या समितीतल्या दोघा मुलांनी तासभर माझं ऐकून घेतलं आणि जे लिहून आणलं त्यात 'दैवी स्पर्श' दोनदा होता. मी दैवी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, तांबेसर फार खोकतात. नेमकं तेवढंच गाळलं. म्हणून हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं असेल तर छापणाऱ्यांनी सरळ करावं, शब्दांना हात लावू नये. आता सगळ्यांना नमस्कार.

श्री. यशवंत तांबे यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची सगळी नोकरी मोटारींच्या रंगखात्यात झाली. निवृत्त होऊन ते नायगावला आमच्या इमारतीत राहायला आले आणि मागच्या खोलीत छोट्या होड्या, टेम्पो, बैलगाड्या करू लागले. ही खेळणी नव्हेत. मोठ्या वस्तूचं माप घेऊन, त्याच हिशेबात लहान केलेली मॉडेलं. विकली गेलेली, मोडीत निघालेली वस्तू ज्यांना पुन्हा एकदा डोळ्यांनी बघायची असते, ती माणसं सरांकडे येतात. रविवारी शिष्य येतात. त्यांत सगळ्यांत जुनी विरारची वैशाली आणि सगळ्यांत म्हातारी मी.

आमची ओळख भांडणातून झाली. ही इमारत आमच्याच शेतावर उभी आहे आणि सरांच्या खालच्या मजल्यावर आमचं घर. दुपारी माझा डोळा लागायचा आणि वर घर्रघर्र सुरू व्हायचं. एके दिवशी चढले जिना.

"काय हो, पिठाची गिरणी घातलीय का घरात?"

"हवेचं यंत्र आहे, वहिनी. आत या. फक्त पदर झटकू नका, धूळ उडेल."

"म्हणजे धूळ मी आणली?"

"सगळेच आणतो. मीसुद्धा."

मी पदर कमरेला खोचला आणि आत गेले. बसले आणि बघत राहिले.

सर एका वीतभर रिक्षाला शेवटचा क्लिअर मारत होते. क्लिअर म्हणजे बिनरंगाचा लॅकर, रंगावर चकाकी चढवणारा. तो एअरब्रशने मारतात. पेनाएवढी पिचकारी, मागे नळी, नळीला ते घर्रघर्र करणारं यंत्र. सरांचा हात रिक्षाच्या अलीकडेच चालू लागायचा आणि पलीकडे जाऊन थांबायचा. वस्तूवर कधी थांबला नाही. पहिला हात इतका पातळ की काही मारलंय हे कळू नये. तो सुकला की मग ओला हात. मी जन्मभर जमिनी सारवल्या. सारवताना हात मध्येच थांबला की वळ उठतो, हे मला सासूने डोक्यात टपली मारून शिकवलं. सर टपली न मारता तेच करत होते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर गेले. त्या दिवशी आवाजाचं निमित्त नव्हतं.

मग मी शिकायला लागले आणि माझ्या हातून पहिल्याच टेम्पोला ओघळ आला. मी फडकं उचललं तर सर म्हणाले, "हात मागे."

"पुसते ना पटकन."

"आता एक चूक आहे. पुसलंत तर दोन होतील. पूर्ण सुकू द्या, मग घासू."

शिकवताना आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. मात्र मास्क न लावता कोणी आलं तर सर त्याला दारातूनच परत पाठवतात. मग तो ठाण्याहून आलेला असो.

सरांचा दुसरा नियम पावसाळ्याचा. हवेत पाणी असलं की लॅकर सुकताना ते धरतो आणि चकाकीच्या जागी दुधाची साय आल्यासारखं पांढरं दिसतं. त्याला आम्ही दूध फुटणं म्हणतो. म्हणून पाऊस लागला की क्लिअर बंद, तो नवरात्रापर्यंत. एक मोठे गृहस्थ गणपतीच्या सजावटीसाठी जहाज चमकवून मागत होते, फार मागे लागले. सर म्हणाले, "गणपती पुढच्या वर्षीही येणार आहेत. जहाज तेव्हा ठेवा." गृहस्थ रागावून गेले. सर चहा प्यायला बसले.

हा नियम सरांनी आमच्या घरासाठी मोडला. ते सांगायलाच मी लिहायला बसले.

आमचे यजमान जनार्दन. त्यांची मिठागरातून मीठ वाहायची होडी होती. ती विकून बरीच वर्षं झाली. घशाचं दुखणं उलटलं तेव्हा सर रोज खाटेशी बसून त्यांना मापं विचारायचे आणि वर जाऊन लाकूड कापायचे. श्रावणात होडी रंगून खाली आली. यजमानांनी हातात घेतली, उलटी करून तळ पाहिला, त्यावर चकाकी नव्हती, आणि म्हणाले,

"सर, हिला तेल नाय पाजलेलं."

"पाऊस सरू द्या, जनार्दनराव. नवरात्रात चकचकीत करून आणतो."

"नवरात्रात मी हाय का? कोरडी होडी पान्यात नाय घालत आमी."

मी म्हटलं, "गप ऱ्हा. सरांना त्यांचं काम कळतं." सर होडी घेऊन वर गेले.

ओली हवा आत येऊ नये म्हणून त्यांनी खिडक्या लावल्या, धूर ओढणारा पंखा बंद केला, मोठे दिवे लावून खोली तापवली आणि आतून कडी घातली. मास्कही नीट नव्हता, कारण कोट, म्हणजे मारलेला थर, सुकला की नाही हे सर वासावरून ओळखतात. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा डोळे लाल, आणि खोकला थांबेना. होडी चमकत होती, फक्त पुढच्या टोकाला, आम्ही ज्याला नाळ म्हणतो तिथे, दूध फुटलं होतं.

सर खाटेशी उभे राहून म्हणाले, "जनार्दनराव, नाळेवर पांढरं आलंय. येणार हे माहीत असून मारलं."

यजमानांनी अंगठा फिरवला. "पांढरं कसलं? मीठ हाय ते. मिठाची होडी, नाळ पांढरी नाय व्हनार तर काय काळी व्हनार?" आणि हसले. "आता घाला पान्यात."

गणपतीआधी ते गेले. नवरात्रात सर होडी घासून पुन्हा क्लिअर मारायला न्यायला आले. मी दिली नाही. मालकाने पास केलेला माल आहे.

तिथून सरांचा नियम कायमचा मोडला. नंदाखाल गावच्या एका म्हाताऱ्या बाईंची बैलगाडी, मग आणखी कुणाची रिक्षा. घरात जायला टेकलेलं माणूस आहे म्हटलं की भर पावसात खोली बंद, पंखा बंद. डॉक्टरांनी फवारा मारणं बंद करा म्हणून बजावलं आहे. आम्ही मारतो म्हटलं तर सर म्हणतात, "बंद खोलीत तुम्हाला कशाला घालू?" स्वतःचा मास्क गळ्यात ताईतासारखा लटकलेला. एक जिना चढायला दोनदा थांबतात.

सरांना उदंड निरोगी आयुष्य लाभो, असं बाकीच्यांनी लिहिलं असेलच. मीही तेच मागते. पण नुसतं मागून मिळत नाही, हे मी घरात पाहिलं आहे.

आत्ता बाहेर पाऊस आहे आणि टेबलावर सांडोर गावच्या फ्रान्सिसबाबांचा भाजीचा टेम्पो कोरडा उभा आहे. बाबांचं खरं नाही. मुलगा येऊन गेला, सर "बघतो" म्हणाले. सरांचं "बघतो" म्हणजे हो. हे पुस्तक निघेल तोवर तो टेम्पो गेलेला असेल आणि दुसऱ्या कुणाचं काही आलेलं असेल. म्हणून कायमचं सांगते. पावसाळ्यात त्या खोलीची किल्ली वैशालीकडे राहील. कोट तीच मारेल, मास्क लावून, पंखा चालू ठेवून. पांढरं आलं तर येईल. वस्तू घेऊन सरांनी जावं आणि त्या माणसाजवळ बसावं, ते आमच्यापैकी कुणाला जमत नाही. पण पावसात कुणी काम घेऊन आलं आणि दाराची बेल वाजली की सरांनी खुर्चीतून उठायचं नाही. उत्तर वैशालीने द्यायचं.