कौतुकानंतरचा ‘पण’

मी ओरडायची तेव्हा माझ्या हाताखालच्या लोकांना माझं सगळं कळायचं. प्रताप नगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबची मी इन्चार्ज. रक्ताच्या ट्यूबवर लेबल वाकडं लागलं की मी बसल्या जागेवरून विचारायची, “काहून वं, डोळे घरी ठेवून आली का?” ती मुलगी जीभ चावायची, लेबल बदलायची आणि दुपारी माझ्याच डब्यातलं भरलं वांगं उचलायची. विषय तिथेच संपायचा. आमच्याकडे आवाज चढवला म्हणजे माणूस आपला समजला, एवढं साधं होतं.

पण बाहेर बाकावर बसलेल्या एका पेशंटने माझा आवाज ऐकला आणि लॅबच्या मालक डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टरांनी मला वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात शिबिराला पाठवलं. हाताखालच्या माणसांशी कसं बोलावं, त्यांच्या चुका कशा सांगाव्यात, हे शिकायला. पुण्याहून आलेल्या बाईंनी फळ्यावर सँडविच काढलं. वरचा पाव कौतुकाचा, खालचा पाव कौतुकाचा आणि मधे जे खरं सांगायचंय ते. माणसाला केबिनमध्ये बोलवा, दार लावा, पाणी द्या, मग त्याच्या चांगल्या गुणांपासून सुरुवात करा. मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, या वयात आपल्याला कोणी काही शिकवतंय याचं अप्रूपही वाटलं.

परत आल्यावर मी ते मनापासून सुरू केलं. लेबलवाल्या मुलीला केबिनमध्ये बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले की तुझं अक्षर किती सुरेख आहे. ती खुलली. मग मी म्हणाले, “पण…” आणि तिचा चेहरा पडला. रिसेप्शनवरच्या बाईंना तसंच. पुढे घरोघरी जाऊन नमुने आणणाऱ्या माणसाला काढायचं डॉक्टरांनी ठरवलं आणि ते सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यालाही मी पाणी दिलं. तो किती नम्र आहे, म्हातारी माणसं त्याचीच वाट कशी बघतात, हे सगळं सांगितलं आणि मग पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले. तो ग्लास तसाच ठेवून गेला.

त्यानंतर लॅब शांत झाली. डॉक्टर खूश होते. डबा खायला मी गेले की मात्र बोलणी थांबायची आणि माझ्या वांग्याला कोणी हात लावेना. एकदा दारातून ऐकलं, एक जण दुसरीला विचारत होता, “आज कोणाले पाणी?” मला वाटलं, प्यायच्या पाण्याचा कॅन संपला असेल. मी बावळटासारखी नवीन कॅन मागवला.

आमच्याकडे एक मुलगी कामठीहून शेअर ऑटोने यायची. कितीही रडणारं लेकरू असो, ती त्याला “मुंगी चावंन फक्त” म्हणायची आणि त्याला कळायच्या आत रक्त काढून मोकळी व्हायची. घरी आई, गुडघ्याने अधू. आई एकटी असते म्हणून तिचा अर्धा जीव कामठीत असायचा. डॉक्टर कामठीत नवीन सेंटर काढणार होते. मी त्यांच्या मागेच लागले की तिला तिथली इन्चार्ज करा. ते हो म्हणाले. तुम्हीच सांगा तिला, म्हणाले. मला इतका आनंद झाला की ती येईपर्यंत दम निघेना.

तिला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं, पाणी दिलं. मग तिचं कौतुक सुरू केलं आणि ते खरं होतं म्हणून लांबतच गेलं. तिने ग्लासला हात लावला नाही. ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती. मी कामठीच्या विषयावर येणार, तेवढ्यात बाहेरून हाक आली, एक बाळ कोणालाच रक्त काढू देईना. ती उठली. मी मागून म्हणाले की दुपारी बोलू, महत्त्वाचं आहे.

दुपारी ती राजीनामा घेऊन आली. मधल्या सुट्टीत तिने एका हॉस्पिटलला फोन करून हो सांगितलं होतं. ते बऱ्याच दिवसांपासून तिला बोलवत होते. काढून टाकण्याआधी आपणच गेलेलं बरं, असं तिचं म्हणणं. मी घाईघाईने कामठीचं सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“राहू द्या मॅडम,” ती म्हणाली. “मी बी लेकराले सुई टोचायच्या आधी असंच गोड बोलते.”

माझं डोकंच सटकलं. शिबिर गेलं चुलीत. दार उघडंच होतं. मी ओरडले, “डोकं फिरलं का वं तुझं? तुझ्यासाठी डॉक्टरचं डोकं खाल्लं मी, अन् तू मले न विचारता राजीनामा लिहून आणते?”

तेव्हा तिला खरं वाटलं. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. “सकाळी असंच बोलल्या असत्या तं,” एवढंच म्हणाली.

मी राजीनामा फाडायला निघाले होते, पण तिने डॉक्टरांना आधीच फोनवर सांगून टाकलं होतं. डॉक्टर दुखावले होते. न विचारता पाय काढणाऱ्या मुलीवर सेंटर कसं सोपवू, म्हणाले. मी पुन्हा जाऊन सांगितलं, चूक माझ्या बोलण्याची आहे, तिची नाही. ते म्हणाले की तुम्ही तर आता फार चांगलं बोलता. कामठीला दुसरंच कोणी गेलं. ती मात्र रोज कामठीहूनच निघते, आता त्या हॉस्पिटलसाठी आणखी लांब.

तिच्या लॅबमधल्या शेवटच्या दिवशी समोसे मागवले होते. जाणाऱ्याबद्दल प्रत्येकाने दोन शब्द बोलायची आमच्याकडे पद्धत आहे. शेवटी मी उभी राहिले. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही म्हणाले, ती नसली की लॅब सुनी वाटेल म्हणाले. शब्द न शब्द खरा होता. बोलून थांबले, तर टाळी कोणी वाजवेना. सगळे माझ्याकडे बघत तसेच बसले होते, पुढच्या ‘पण’ची वाट बघत.