साडेसहा पानांचा पंचनामा

तो पंचनामा मला आजही जवळजवळ पाठ आहे. साडेसहा पानं. एवढा लांब पंचनामा आमच्या ठाण्यात त्याआधी कोणी लिहिला नव्हता, आणि त्यावरून मी बोलणीही खाल्ली. मी सातवी पास. भरती झाले तेव्हा तेवढं शिक्षण चालत होतं. अक्षर चांगलं, म्हणून हवालदार झाल्यावर लिहिण्याचं काम कायम माझ्याकडे यायचं.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. संशयास्पद वस्तूंवर लक्ष ठेवा, अशा सूचना वरून रोज येत होत्या. सकाळी वाघोलीकडचा एक हार्डवेअरचा दुकानदार ठाण्यात आला. त्याच्या दुकानामागच्या खोलीत पन्नाशीचा एक माणूस एकटा भाड्यानं राहायचा. दार कायम बंद, आतून ठकठक. दुकानदार म्हणाला, "अहो बाई, दोन वर्षांचं गिऱ्हाईक आहे, पण नुसती तार नेतो. कशाला हवी विचारलं तर निघून जातो."

खबर अशी आली की जावंच लागतं. खोली उघडली तेव्हा मधोमध ती वस्तू होती. पत्र्याचा मोठा डबा, त्यातून निघालेल्या तारा, खाली फळ्या, बाजूला सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. बॉम्बशोधक पथक आलं. त्यांनी ती वस्तू मोकळ्या प्लॉटवर नेली आणि एकेक भाग सुटा करायला घेतला. दोन पंचांसमोर मी लिहीत होते.

त्या वस्तूला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. म्हणून दिसेल ते लिहिलं. 'एक हात लांबीची लाकडी चौकट. तिच्यात कंगव्यासारखे उभे लोखंडी दात, मधले बरेच काढलेले, शिल्लक एकेचाळीस. डावीकडून पहिल्या दाताला तार, तारेच्या टोकाला पितळी बटण. दुसऱ्या दाताला तार, टोकाला काचेच्या बांगडीचा तुकडा.' पथकातला माणूस एक तार काढायचा, मी एक ओळ लिहायची. आमचे तरुण फौजदार वैतागले. म्हणाले, "बाई, कादंबरी लिहिताय का? 'तारा व लोखंडी भंगार, संशयास्पद' एवढं लिहा आणि चला."

मी म्हटलं, "साहेब, संशय मला दिसत नाही. बटण दिसतंय, ते लिहिते."

"मग चहा मागवतो. चालू द्या तुमचं."

स्फोटक काही निघालं नाही. पण माणसाकडे ओळखीचा एकही कागद नव्हता आणि एका वहीत पानंच्या पानं नुसते ठिपके आणि रेघा होत्या. ही सांकेतिक भाषा आहे, असं फौजदारांचं मत पडलं. सुटे भाग दोन पोत्यांत भरले आणि माणसाला ठाण्यात आणलं.

चौकशीत वरिष्ठ निरीक्षकांनी विचारलं, "ही वस्तू काय आहे?" तो म्हणाला, "बाजा आहे." फौजदार हसले. शिपाई हसला. मीही हसले. ती चूक होती. त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही. नाव सांगेना, गाव सांगेना. दरडावून झालं, पाणी देऊन झालं.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. ठाण्यात बसवलेला चोर दाराकडे बघतो. हा माणूस सारखा पोत्यांकडे बघत होता. मी हे निरीक्षक साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बघण्यावरून अहवाल देता येत नाही. सहा वाजेपर्यंत त्याची ओळख पटली नाही तर त्याला पुढच्या चौकशीसाठी विशेष पथकाच्या ताब्यात द्यायचं ठरलं. तिकडून माणूस निर्दोष सुटतोही, पण तोवर टीव्हीवर चेहरा दाखवून झालेला असतो आणि राहती जागा गेलेली असते. खोलीचा मालक दुकानदाराहून वेगळा होता, तो तर दुपारीच येऊन विचारून गेला, "बाई, कुलूप बदलू का?" मी म्हटलं, "भाडेकरूची नोंद ठाण्यात का केली नाही, ते आधी लिहून द्या. मग बदला." तो परत आला नाही.

एकच्या सुमारास कोठडीतल्या लोकांचे डबे घेऊन खाणावळवाल्या बाई आल्या. भंडाऱ्याकडच्या. ती दातांची चौकट पोत्यात मावली नव्हती म्हणून टेबलावर होती. बाईंनी डबे खाली ठेवले आणि चौकटीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "हे त फणी होय. माझ्या बाबाच्या मागाले अशीच होती." कापड विणताना उभे धागे ज्या दातांतून जातात ती फणी. ठाण्यातल्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं.

बाईंनी आम्हाला विचारलंही नाही. सरळ त्याच्याकडे वळल्या. "कोन्या गावचे जी तुम्ही?"

त्यानं मान वर केली आणि गावाचं नाव सांगितलं.

मी तिथल्या ठाण्याला फोन लावला. तासाभरानं गावच्या पोलीस पाटलांचा उलटा फोन आला. माणूस विणकर, गुन्हा काही नाही. माग बंद पडला, आई वारली, मग गाव सोडून पुण्याला गोदामात कामाला गेला. मी विचारलं, बाजा वगैरे वाजवायचा का? पाटील म्हणाले, "बाजा कायचा जी, तो त मागच वाजवे. कापड कमी न् आवाज जास्त. बाप लय मारे त्याले."

साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हा कोण ते कळलं, वस्तू काय ते कळलं नाही. अहवालात वस्तूबद्दल लिहावं लागेल. त्याला म्हणाले, "बाजा आहे ना? मग जोडून वाजवून दाखवा."

तो पोत्यापाशी बसला. एकेचाळीस तारा एकमेकींत अडकलेल्या. टोकाची बटणं, चाव्या, बांगड्या कुठल्या कुठे. त्यानं दोन-चार हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या. "आता नाही होत," म्हणाला. "सात वर्सं लागली याले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी पंचनामा काढला आणि त्याच्यासमोर बसून वाचायला लागले. डावीकडून पहिला दात, पितळी बटण. दुसरा दात, बांगडीचा तुकडा. त्यानं पहिली तार शोधली, बांधली. दुसरी बांधली. सहाव्या-सातव्या दातानंतर तो हात पुढे करून पुढच्या ओळीची वाट बघायला लागला. फौजदार थोडा वेळ उभे राहिले, मग खाली बसून त्याला तारा सोडवून द्यायला लागले.

पाच वाजता तो बाजा उभा राहिला. त्यानं वही पुढ्यात उघडली. ठिपका म्हणजे बोट, रेघ म्हणजे पाय. पायानं फळी दाबली की डब्यावर ठोका पडायचा, बोटांनी तो फणीचे दात छेडायचा. गाणं म्हणावं असं ते नव्हतं. माग चालल्यासारखी ठकठक, तिच्यावर बारीक आवाजांची सर, मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मला गाण्यातलं कळत नाही. पण शिपायानं वायरलेसचा आवाज बारीक केला. रिकामे डबे न्यायला आलेल्या खाणावळवाल्या बाई बाकावर बसून राहिल्या.

थांबल्यावर साहेब मला म्हणाले, "लिहा."

"काय लिहू?"

"तुम्हाला दिसलं ते."

मी लिहिलं: 'सदर वस्तू सदर इसमाने समक्ष वाजवून दाखविली. ते वाद्य आहे.' सहाच्या आत अहवाल गेला. सरकारी जीपनं मी स्वतः त्याला बाज्यासकट खोलीवर पोचवलं, आणि कुलूप जुनंच आहे ना ते बघून आले.

त्या दिवशी मी एक धडा घेतला. जे माहीत नाही त्याला घाईनं नाव द्यायचं नाही. 'भंगार' हा एक शब्द लिहिला असता तर माझं काम दोन मिनिटांत झालं असतं आणि त्या माणसाची सात वर्षं पोत्यात गेली असती. पुढे सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले, पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम मी तेच धरते.

चार दिवसांनी तो ठाण्यात आला. आमच्याकडे येणारा माणूस बहुधा कागदातून आपलं नाव काढा म्हणून अर्ज करतो. त्यानं पंचनाम्याची नक्कल मागितली. पुन्हा कोणी बाजा सुटा केलाच, तर जोडायला पाहिजे म्हणाला. साहेबांची सही घेऊन मी साडेसहाच्या साडेसहा पानं त्याला दिली.