दिनानाथने कापून दिलेल्या गोळ्या

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत आलं की डाव्या हाताला दिनानाथचं औषधांचं दुकान आहे. फार्मसीचा डिप्लोमा करून त्याने ते टाकलं, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आसपासच्या गावांतली माणसं त्याला डॉक्टरच म्हणायची. सुरुवातीला तो म्हणायचा, ‘‘मी डॉक्टर नाय हो, गोळ्या विकतो फक्त.’’ पुढे पुढे त्याने ते म्हणणं सोडलं. ऐकायला बरं वाटत होतं.

माणूस चांगला होता, यात शंका नाही. लॉकडाऊनमध्ये लोकांच्या साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या तो स्कूटरवरून घरपोच द्यायचा. त्यामुळे धोंडुबाईंना जानेवारीत खोकला लागला, तेव्हा त्या दवाखान्यात न जाता सरळ त्याच्याकडे आल्या. धोंडुबाई म्हणजे त्याच्या वर्गमित्राची, हरेशची आई. वय सत्तरच्या पुढे, पण भातानंतर शेतात टाकलेले वाल अजून स्वतः राखायच्या. हरेश डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, त्याची शिफ्ट कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरात सून नम्रता.

‘‘दिना, जरा भारीतली दे,’’ धोंडुबाई म्हणाल्या. ‘‘डॉक्टरकडं गेलं की दोन तास बसवून ठेवतात.’’

दिनानाथने अँटिबायोटिकची पट्टी काढली आणि पाच दिवसांच्या गोळ्या कात्रीने कापून दिल्या. नाव छापलेला तुकडा दुकानातच राहिला. चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नसतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून तर तो असं कापायचा.

खोकला गेला. पंधरा दिवसांनी लघवीला जळजळ झाली, तेव्हा त्याने दुसरं अँटिबायोटिक दिलं. ते संपतं न संपतं तोच जुलाब सुरू झाले. या वेळी नम्रता आली. त्याने जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या, सोबत तिसरं अँटिबायोटिक दिलं आणि बजावलं, ‘‘वाल, पालेभाजी सगळं बंद. नुसती पेज द्या.’’

चौथ्या दिवशी धोंडुबाईंना ताप भरला, पोट फुगलं आणि जुलाबात रक्त आणि शेंबडासारखं काहीतरी पडू लागलं. नम्रताने रिक्षा करून त्यांना रोह्याच्या एका खासगी दवाखान्यात आणलं.

दिनानाथला कळलं तसा तो संध्याकाळी शहाळी घेऊन भेटायला गेला. खाटेजवळ डॉक्टर मृणाली उभ्या होत्या. तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्या नम्रताला विचारत होत्या, ‘‘महिन्याभरात कुठली औषधं घेतली यांनी?’’

नम्रताने घरून आणलेली प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओतली. चंदेरी तुकडे पडले. एकावरही नाव नव्हतं.

‘‘हे कुठून घेतलं?’’

‘‘दिनाभाऊंकडून. हे काय, आलेच ते.’’

डॉक्टरांनी एक तुकडा त्याच्या हातात दिला. ‘‘कुठल्या गोळ्या होत्या? अँटिबायोटिक होतं का?’’

दिनानाथने तुकडा उलटसुलट करून पाहिला. मागे दुसऱ्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक ऐकत होते. त्यातला एक त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक होता.

‘‘नाय,’’ तो म्हणाला. ‘‘साध्या होत्या. ताकदीच्या, खोकल्याच्या.’’

नम्रताने त्याच्याकडे पाहिलं. तिला गोळ्यांतलं काही कळत नव्हतं, त्यामुळे तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. डॉक्टरांनी ठेवला की नाही, कळलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘शौचाचा नमुना तपासायला पाठवलाय. रिपोर्ट परवा येईल.’’ आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

घरी आल्यावर दिनानाथ जेवला नाही. बायकोने, शांतीने विचारलं, तर पित्त झालंय म्हणाला. पण सकाळी आंघोळ करता करता त्याच्या मनात आलं, रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांनी चौथं तसलंच औषध दिलं तर? त्याने दुकान उघडलं नाही. चालतच पूल ओलांडून तो दवाखान्यात गेला.

डॉक्टर मृणाली नुकत्याच आल्या होत्या.

‘‘मॅडम, काल मी खोटं बोललो.’’

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी केसपेपर ओढला. ‘‘नावं सांगा. किती दिवस?’’

त्याने पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसरं सांगितलं. त्या लिहीत होत्या. शेवटी तो म्हणाला, ‘‘आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या.’’ तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘‘तुम्ही फार्मासिस्ट आहात ना?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग अँटिबायोटिकनंतरचे जुलाब असे अडवायचे नसतात, हे तुम्हाला शिकवलेलं असणार.’’

शिकवलेलं होतं. परीक्षेत त्याने ते लिहिलंही होतं.

तेवढ्यात नम्रता दाराशी आली. ‘‘मॅडम, नेमकं झालंय तरी काय त्यांना?’’

डॉक्टरांनी तिला बसवलं. केसपेपरच्या मागे एक नळी काढली, तिच्या आतल्या कडेला छोटे छोटे चौकोन काढले. ‘‘या आतड्याच्या पेशी. यातल्या काही पेशी सतत चिकट पदार्थ सोडतात. त्याचा आतून थर बसतो. पोटात कोट्यवधी जंतू असतात, पण हा थर त्यांना पेशींपासून लांब ठेवतो. आता त्यातले पुष्कळसे जंतू आपल्या उपयोगाचे. वालाची सालं, भाजीचा चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जंतू आंबवतात. त्यातून जे तयार होतं, त्यावर या पेशी जगतात. त्या धडधाकट असल्या की थर जाड राहतो.’’

‘‘मग?’’

‘‘अँटिबायोटिक वाईट जंतूंबरोबर हेही मारतं. वर चोथाही बंद केला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय, की चोथा मिळाला नाही तर काही जंतू तो थरच खायला लागतात. थर पातळ होतो, चांगल्या जंतूंची जागा रिकामी होते आणि एरवी दबून राहणारा एखादा जंतू माजतो. त्याचं विष थेट पेशींवर. मला वाटतं, तुमच्या सासूबाईंचं हेच झालंय. वर जुलाब अडवला, म्हणजे विषही आतच राहिलं.’’

‘‘पण अँटिबायोटिक दिलं कोणी त्यांना?’’

डॉक्टरांनी दिनानाथकडे पाहिलं.

‘‘मी दिलं गो,’’ तो म्हणाला. ‘‘तिन्ही वेळा.’’

नम्रता त्याच्याकडे वळली. ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘काल मी तुमच्यापुढं पिशवी ओतली. तुम्ही तो तुकडा हातात घेऊन बघितलात.’’

त्याच्या कानशिलांत जाळ उठला.

रिपोर्ट तसाच आला. डॉक्टरांनी त्या जंतूवरचं नेमकं औषध सुरू केलं, बाकीचं सगळं बंद केलं. धोंडुबाई नऊ दिवस दवाखान्यात होत्या. दिनानाथ रोज जायचा आणि नम्रता पाणी आणायला बाहेर गेली की खाटेपाशी उभा राहायचा. एकदा त्याने हात जोडले. धोंडुबाईंचे हात काड्यांसारखे झाले होते.

‘‘अरे, मीच मागितल्या ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू चांगल्यासाठीच दिल्यास.’’

हे ऐकून त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. त्याने चांगल्यासाठी दिल्या होत्या, हे खरं होतं. पण नाव कापून काढलं होतं ते स्वतःसाठी.

धोंडुबाई घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुखणं उलटलं, पुन्हा आठ दिवस दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाल्या, पेशी काही दिवसांत नव्या येतात, पण चांगल्या जंतूंची वस्ती पुन्हा बसायला महिने लागतात, आणि सगळे परत येतीलच असं सांगता येत नाही. धोंडुबाई वाचल्या. मात्र त्या वर्षी वाल नम्रतानेच उपटले.

एप्रिलमध्ये हरेश शिफ्ट संपवून दुकानात आला. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबला.

‘‘आई म्हणते, दिनाला काय बोलू नको,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणून बोलत नाय. पण माझ्याच्यानं तुझ्याकडं बघवत नाय.’’

‘‘बरोबर हाय तुझं,’’ दिनानाथ म्हणाला. हरेश गेला.

त्या महिन्यात रोह्यात औषध दुकानदारांची बैठक होती. बिलाच्या नव्या सॉफ्टवेअरचं सांगून झाल्यावर दिनानाथ उभा राहिला आणि त्याने झालेलं सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या खोट्यासकट. धोंडुबाईंचं नाव त्याने घेतलं नाही, स्वतःचं घेतलं. मागून एकजण हसला. शेजारचा दुकानदार त्याचा हात ओढून कुजबुजला, ‘‘येडा झालास काय? हे बाहेर बोलू नको. आपल्या सगळ्यांचीच पंचाईत.’’ मग चहा आला.

घरी शांती वाट बघत होती. एव्हाना तिला सगळं ठाऊक होतं.

‘‘सांगितलंत?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘मग, हलकं वाटलं?’’

‘‘नाय,’’ दिनानाथ म्हणाला आणि पाय धुवायला मोरीत गेला.